खाडीवरचा गुलाबी कागदावर का मरतो? रंगांची तीव्रता आणि मिश्रण, ब्रशने आणि स्क्रीनवर

रोहितदर्शी

ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंत स्केचबुक घेतलेली मंडळी दिसू लागतात. कुणी जलरंगात करतं, कुणी टॅब्लेटवर. ही चित्रं बघताना एक गोष्ट सारखी खटकते. आकार उत्तम असतो, मानेचा बाक नेमका पकडलेला असतो, पण गुलाबी एक तर डोळ्यांत खुपतो नाही तर मळलेला दिसतो. गुलाबीची ट्यूब बदलून यातलं काही सुटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पक्ष्याकडेच नीट बघू. आपल्या खाडीत दोन जाती येतात. मोठा रोहित अंगाने जवळजवळ पांढराच, त्यावर गुलाबीची जेमतेम झाक. धाकटा रोहित जास्त गुलाबी, आणि त्याची चोच इतकी गडद किरमिजी की लांबून काळीच वाटते. वयात न आलेले पक्षी तर राखाडी असतात, कारण हा रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यातून हळूहळू चढतो. मोठा रोहित पंख उघडतो तेव्हा आतला तीव्र गुलाबी आणि काळी पिसं दिसतात, तेवढीच भडक जागा. म्हणजे आख्ख्या थव्यात तीव्र रंग अगदी थोडा. तरी आपल्याला खाडी गुलाबी झाल्यासारखी वाटते, ती आजूबाजूमुळे. ओहोटीचा गाळ करडा, तिवरांचा हिरवा काळपट, पलीकडे पारसिकचा डोंगर हवेतल्या धुरक्यामुळे निळसर राखाडी. या सगळ्यात एकही रंग आवाज चढवून बोलत नाही, म्हणून फिका गुलाबीसुद्धा उठून दिसतो.

रंगाला तीन मापं असतात, हे अमेरिकन चित्रकार-शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये नीट मांडलं. रंग कोणता (लाल, पिवळा, निळा), तो किती उजळ, आणि तो किती तीव्र. तिन्ही स्वतंत्र आहेत. गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या मापात. पांढरा घातला की रंग उजळ होतो, पण बहुतेक वेळा त्याची तीव्रता उतरते. टायटॅनियम पांढऱ्याने तर तो थोडा थंडही पडतो. म्हणून स्कार्लेटमध्ये पांढरा घालून केलेला गुलाबी खडूसारखा दिसतो. उलट रोझ किंवा मॅजेंटा पाण्यात पातळ करून पांढऱ्या कागदावर दिला, की प्रकाश रंगाच्या थरातून कागदापर्यंत जातो, परत येतो, आणि गुलाबी आतून उजळतो. त्यात गरम पिवळ्याचा एक कण टाकला की तो अबोलीकडे झुकतो. रोहितचा गुलाबी अबोलीच्याच बाजूचा आहे, राणी कलरच्या बाजूचा नाही.

(अपवादही सांगतो. थॅलो निळा किंवा क्विनॅक्रिडोन मॅजेंटा जाड थरात जवळजवळ काळपट दिसतात. त्यात किंचित पांढरा घातला तर तीव्रता आधी वाढते. आणखी घालत गेलं की मग उतरायला लागते.)

आता मिश्रण. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग खातं आणि उरलेला परत पाठवतं. दोन द्रव्यं मिसळली की दोघांनीही न खाल्लेला भागच आपल्यापर्यंत येतो. लेमन यलो निळा-जांभळा भाग खातो, थॅलो निळा लाल-नारिंगी खातो. हिरवा दोघंही सोडतात, म्हणून त्यांचा हिरवा लखलखीत येतो. अल्ट्रामरीन मात्र जांभळ्याकडे झुकलेला निळा. हिरवा भाग तोही बराच खातो, मग केशरी झाकीच्या पिवळ्यात मिसळल्यावर शेवाळी, मळकट हिरवा उरतो. रंग मळतो याचा अर्थ प्रकाश कमी उरला, इतकाच. तिवरं रंगवताना हाच मळका हिरवा आपल्याला हवा असतो.

म्हणून खाडी रंगवताना आधी राखाडी ठरवावे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की करड्याची पूर्ण मालिका मिळते. बर्न्ट सिएना म्हणजे गडद, मंद नारिंगीच, रंगचक्रात निळ्याच्या समोरचा. गाळाकडे सिएना जास्त, पाण्याकडे निळा जास्त. पक्ष्यांच्या जागा कोऱ्या सोडायच्या, आजूबाजूचा करडा पूर्ण वाळू द्यायचा आणि मग गुलाबी. पक्ष्याच्या सावलीला काळा नको. रोझमध्ये विरिडियन या थंड हिरव्याचा थेंब घातला की गुलाबी शांत होतो, तरी गुलाबीच राहतो.

शेजाराचा परिणाम हा भास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पॅरिसच्या गोबेलाँ या भित्तिवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगाईत दोष नव्हता, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचं रूप बदलत होते. १८३९ मध्ये त्यांनी या परिणामाचे नियम प्रसिद्ध केले. गाळाच्या करड्यात हिरव्याची जरा झाक ठेवली की गुलाबी जास्त गुलाबी दिसतो. त्याच करड्यात गुलाबी झाक आली तर पक्षी गाळात विरघळतात.

डिजिटलवाल्यांनी आपले अनुभव लिहावेत, तिकडे गणित थोडं वेगळं चालतं.

पिक्सेल_ऐरोली

उत्तम धागा. मी ऑफिस सुटल्यावर टॅब्लेटवर काढते, त्यामुळे माझे प्रश्न तिकडचे.

एक, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांवरून मिक्सिंग ब्रश फिरवला की मध्ये राखाडी येतो. हिरवा येतच नाही. दोन, एका ॲपमध्ये एका गुलाबीचं सॅच्युरेशन, म्हणजे तीव्रता, २५ दिसतं, दुसऱ्यात त्याच रंगाचं १००. यातलं खरं कुठलं मानायचं?

रोहितदर्शी

पिक्सेल ताई, दोन्ही प्रश्न मुळाशी जाणारे आहेत.

दुसरा आधी घेतो. वेबवर ‘पिंक’ नावाचा जो रंग आहे त्याचे आकडे लाल २५५, हिरवा १९२, निळा २०३. एचएसबी (ह्यू म्हणजे रंग कोणता, सॅच्युरेशन, ब्राइटनेस) पद्धतीत सॅच्युरेशन म्हणजे सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान आकड्यातला फरक भागिले सर्वात मोठा आकडा. ६३ भागिले २५५, म्हणजे साधारण २५ टक्के. एचएसएल (शेवटी ब्राइटनेसऐवजी लाइटनेस) पद्धत विचारते, की इतक्या उजळ रंगात जास्तीत जास्त जितका फरक शक्य आहे त्यातला किती वापरला? उत्तर, सगळा. म्हणून १००. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येने बरोबर, आणि डोळ्याला किती तीव्र वाटतं ते दोन्हींपैकी एकही सांगत नाही. लाल १०, हिरवा ०, निळा ० असा रंग घ्या. एचएसबी म्हणेल सॅच्युरेशन १००, डोळा म्हणेल काळा.

उजळपणाचंही तेच. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचा बी (ब्राइटनेस) १००. पण स्क्रीनवर पांढऱ्याचा प्रकाश १०० धरला तर पिवळा ९३ च्या आसपास आणि निळा फक्त ७. त्यामुळे नुसत्या ह्यूच्या चाकावरून बोट फिरवून ‘त्याच उजळपणाचा दुसरा रंग’ मिळत नाही. सर्वात वर एक थर काळ्याने भरून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरांशी मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ ठेवा. चित्र खरोखर किती उजळ-गडद आहे ते लगेच दिसतं. तो थर हवा तेव्हा चालू-बंद करायचा.

आता पहिला. बहुतेक ॲप पिवळ्याचे (२५५, २५५, ०) आणि निळ्याचे (०, ०, २५५) आकडे घेऊन सरासरी काढतात. १२८, १२८, १२८. चोख राखाडी. रंगद्रव्यात एकमेकांचा प्रकाश खाणं असतं, इथे नुसती बेरीज करून अर्धं करणं. त्यामुळे स्क्रीनवर रंगचक्रातले समोरासमोरचे रंग मिसळले की तीव्रता मधोमध कोसळते. यावर उपाय निघाले आहेत. कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये रंगाच्या थरात प्रकाश किती शोषला जातो आणि किती विखुरतो याचं गणित मांडलं होतं. त्यावर आधारलेली मिक्सबॉक्स ही पद्धत २०२१ मध्ये आली आणि रेबेल ५ प्रो या चित्रकलेच्या ॲपमध्ये ती वापरली आहे. तिथे पिवळा-निळा मिसळला की हिरवा येतो. ग्रेडियंटपुरतं म्हणाल तर फोटोशॉपमध्ये ‘पर्सेप्च्युअल’ पर्याय आहे, तो डोळ्याला जाणवणाऱ्या फरकांवर बेतलेल्या, २०२० च्या ओकेलॅब या रंगमापनावर चालतो. त्याने उजळपणा मध्येच खचत नाही.

विशेष ॲप नसेल तर मल्टिप्लाय मोड वापरून बघा, तो वरच्या आणि खालच्या थराच्या आकड्यांचा गुणाकार करतो. तो पातळ वॉशच्या, म्हणजे पाणी घालून दिलेल्या रंगाच्या थराच्या, जवळ जातो. पिवळ्यावर सायन मल्टिप्लाय केला तर शुद्ध हिरवा येतो. पिवळ्यावर शुद्ध निळा मल्टिप्लाय केला तर काळा. वर थॅलो आणि अल्ट्रामरीनबद्दल लिहिलं तेच इथे टोकाला जाऊन दिसतं.

पिक्सेल_ऐरोली

मल्टिप्लायचं आत्ता करून बघितलं. पिवळ्यावर निळा थेट काळा! मी इतके दिवस सावलीचा थर गडद निळ्याने मल्टिप्लाय करत होते, पक्ष्यांच्या पोटाखाली मळ का येतो ते आता कळलं.

कळव्याचे_मास्तर

शाळेत चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा कायमचा प्रश्न: ‘सर, लाल आणि निळा मिसळला तर जांभळा येतो म्हणता, माझा चॉकलेटी का आला?’ पुस्तकातलं रंगचक्र त्याला लाल, पिवळा, निळा हे तीन प्राथमिक रंग सांगतं. त्याच्या डब्यात असतो व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट, आणि निळा म्हणून प्रशियन. व्हर्मिलियनमध्ये पिवळेपणा आहे, प्रशियनमध्ये हिरवेपणा. म्हणजे त्याने नकळत तिन्ही प्राथमिक रंग एका वाटीत घातले. क्रिमसन आणि अल्ट्रामरीन दिले की त्याच मुलाच्या हातून चांगला जांभळा उतरतो. मुलाचा हात वाईट नसतो, त्याला बाटल्या चुकीच्या मिळालेल्या असतात. हे त्याला वेळेवर सांगणारं कुणी हवं.

दुसरी गोष्ट, काळ्याबद्दल. रोहितदर्शी, तुम्ही ‘सावलीला काळा नको’ लिहिलंत. गुलाबीपुरतं मान्य. पण ‘काळा वापरूच नये’ ही शिकवण मला पटत नाही. आयव्हरी ब्लॅक हा प्रत्यक्षात फार गडद, निळसर करडा आहे. लेमन यलोत थोडा घाला, सुरेख शेवाळी हिरवा मिळतो. तिवरांच्या पानांची मागची बाजू, येऊरच्या वाटेवरची मे महिन्यातली झाडी, या हिरव्याने जशी उतरते तशी ट्यूबमधल्या सॅप ग्रीनने उतरत नाही. काळा सगळीकडे सारखा ओतला तर चित्र मरतं, हे खरं. ते कुठल्याही एका रंगाने मरेल.

रोहितदर्शी

मास्तर, पूर्ण मान्य. मी नियम म्हणून लिहिलं नव्हतं, गुलाबी जपायचा म्हणून लिहिलं. काळा-पिवळ्याचा हिरवा मीही वापरतो. शिवाय त्या हिरव्याची तीव्रता मुळातच कमी, म्हणून तो गुलाबीला मान देतो.

नौपाड्याची_आई

मास्तर, मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसतेय. संकल्पचित्रासाठी पोस्टर कलरचा कुठला सेट घेऊ? दुकानात २४ बाटल्यांचा मोठा सेट दाखवतात. आणि ओला रंग एक दिसतो, वाळल्यावर वेगळाच, त्यामुळे ती रडकुंडीला येते.

कळव्याचे_मास्तर

ताई, मोठ्या सेटपेक्षा सुट्या बाटल्या घ्या. लेमन यलो, एक गरम पिवळा, स्कार्लेट, क्रिमसन (रोझ मिळाला तर तोही), अल्ट्रामरीन, प्रशियन, पांढरा मोठा, काळा लहान. यातून तिला जवळजवळ सगळं मिसळता येईल, आणि मिसळता मिसळता रंगांची ओळख होईल. तयार नारिंगी, तयार जांभळा असले की हात मिसळायला जातच नाही.

वाळण्याबद्दल: पोस्टर कलरमध्ये फिके रंग वाळल्यावर जरा गडद होतात आणि गडद रंग जरा फिके पडतात. त्याच जाडीच्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मिश्रणाचा ठिपका देऊन पूर्ण वाळू द्यायचा, मगच चित्रात घ्यायचा. आणि एकदा जमलेलं मिश्रण पुरेसं करून डबीत झाकून ठेवायला सांगा. संकल्पचित्रात एकच सपाट रंग दोन वेळा मिसळला तर तो दोन रंगांसारखा दिसतो.

रोहितदर्शी

गडद रंग वाळल्यावर फिके पडण्यामागचं कारणही तिला सांगा, मुलांना आवडतं. रंग ओला असताना कणांमधल्या फटींत पाणी भरलेलं असतं, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पाणी उडालं की त्या फटींत हवा येते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्या पांढऱ्याची भेसळ झाली की तीव्रता उतरते. पहिल्या पावसात येऊरची माती, झाडांची खोडं, कातळ एकाएकी रंगाने भरल्यासारखे दिसतात ते याच कारणाने. तेलरंगावर व्हार्निश दिल्यावर मेलेले गडद रंग परत जागे होतात, तेही यामुळेच.

वागळे_ऑफसेट

छपाईतला माणूस आहे, वागळे इस्टेटमध्ये. गुलाबीबद्दल आमची बाजू मांडतो, कारण चित्रकार मंडळी कॅलेंडर, ग्रीटिंग छापायला येतात आणि प्रूफ बघून हिरमुसतात.

स्क्रीन प्रकाश फेकतो, आम्ही कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाया देतो. स्क्रीनवरचे कितीतरी तीव्र रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर आहेत. लखलखीत निळा जांभळ्याकडे सरकतो, पोपटी हिरवा मंद पडतो, भडक नारिंगी विटकरीकडे जातो. त्यात गुलाबी नशीबवान, कारण मॅजेंटाची शाई हाताशीच आहे.

पण गुलाबी मारणारी शाई वेगळी. रोहितच्या अंगात मॅजेंटा आणि थोडा पिवळा हवा. स्क्रीनच्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आकड्यांतून फाइल चार शायांत बदलताना त्यात सायन शिरतो. गुलाबीत सायन म्हणजे त्याच्या समोरचा रंग, चिमूटभर आला तरी गुलाबी मळतो. पक्ष्यांच्या उजळ भागावर आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं साधन) फिरवा, सायन किती टक्के आहे बघा, आणि कर्व्हज लावून त्या भागातला सायन शून्याजवळ आणा. मॅजेंटा वाढवायची गरजच पडत नाही. सावलीच्या बाजूला सायन राहू द्या, त्यानेच पक्ष्याला गोलाई येते.

आणखी एक. फ्लुओरोसंट गुलाबी वापरून केलेलं मूळ चित्र असेल तर ते चार शायांत जसंच्या तसं येणार नाही. तो रंग अतिनील आणि निळा-हिरवा प्रकाश घेऊन त्यातला काही भाग गुलाबी-लाल प्रकाश म्हणून परत सोडतो, स्कॅनरमध्येच तो अर्धा हरवतो. हवाच असेल तर पाचवी, वेगळी शाई लावावी लागते.

रोहितदर्शी

वागळे_ऑफसेट, हा प्रतिसाद धाग्यातला सर्वात उपयोगाचा. फ्लुओरोसंट रंगांबद्दल पुस्ती: ऑपेरा रोझसारख्या नावाने मिळणारे झगझगीत गुलाबी उजेडात लवकर उडतात. फ्रेम करून भिंतीवर लावायचं चित्र असेल तर ट्यूबवर पीआर १२२ किंवा पीव्ही १९ असा संकेत बघून रंग घ्या, पण ऑपेरा नावाच्या ट्यूबमध्येही पीआर १२२ असतो, तेव्हा झगझगीत रंग टाळा. नावं कंपनीगणिक बदलतात, रंगद्रव्याचा संकेत बदलत नाही.

उभे_आडवे_धागे

मी चित्रकार नाही, साड्या विणण्याबद्दल वाचते आणि जमेल तिथे हातमाग बघायला जाते. वरचं सरासरीचं गणित वाचून लिहावंसं वाटलं.

धूपछाँव साडीत उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. लांबून डोळा दोन्ही एकत्र करतो, पण इथे धागे एकमेकांचा प्रकाश खात नाहीत, शेजारी शेजारी बसतात. म्हणून लाल-हिरव्याची साडी काळपट तपकिरी न दिसता सोनेरी-मातकट झळकते, आणि पदर वळला की कधी लाल वर येतो, कधी हिरवा. म्हणजे स्क्रीनचं बेरीज करून अर्धं करणारं गणित आपल्या कपाटात आधीपासून होतं, बरोबर ना? निळ्यात पिवळा विणला तर हिरवा न येता राखाडीकडे जाईल असा माझा अंदाज.

रोहितदर्शी

बरोबर. धागे बारीक आणि अंतर पुरेसं असेल तर नेमकं तसंच होतं. चित्रातही हे करता येतं. खाडीच्या पाण्यावर करडा वॉश पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने गुलाबीचे बारीक तुटक फटकारे ओढा, मिसळू नका. जवळून गुलाबी आणि करडा वेगळे दिसतात, लांबून थव्याचं प्रतिबिंब दिसतं. वाटीत तेच दोन रंग एकत्र केले तर प्रतिबिंब गढूळ होईल.

पिक्सेल_ऐरोली

शेवटचा प्रश्न. मी चित्र पाठवते तेव्हा आईच्या मोबाइलवर गुलाबी फारच भडक दिसतो, माझ्या टॅब्लेटवर ठीक असतो. सॅच्युरेशन कमी करून पाठवू का?

रोहितदर्शी

चित्राला हात लावू नका. पुष्कळ मोबाइलमध्ये स्क्रीन ‘व्हिव्हिड’वर असतो, तो सगळ्यांचीच तीव्रता चढवतो. आईंच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘नॅचरल’ निवडा. तुमच्या बाजूने एवढंच करा: फाइल पाठवताना एसआरजीबी या सर्वसाधारण रंगक्षेत्रात बदलून, प्रोफाइल (आकडे कुठल्या रंगक्षेत्रातले ते सांगणारी माहिती) आत ठेवून एक्सपोर्ट करा. टॅब्लेट पी३ या मोठ्या आवाक्याच्या रंगक्षेत्रात चालत असेल आणि फाइलबरोबर प्रोफाइल गेलं नाही, तर पलीकडचं यंत्र तेच आकडे वेगळे वाचतं. मग एका ठिकाणी फिका, दुसरीकडे भडक, असं होतं. एसआरजीबी करताना तीव्र गुलाबी थोडा आत येईल. तेव्हा गुलाबी न वाढवता गाळाचा करडा अजून एक पायरी शांत करा आणि पुन्हा बघा. हवं तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रं इथे टाका, वागळे_ऑफसेट सायन किती आहे तेही बघून सांगतील.

वागळे_ऑफसेट

टाका, नक्की बघतो. फक्त मेसेजिंग ॲपवरून आलेली दाबलेली जेपीजी नको, मूळ फाइल द्या.